रविवारची पोटदुखी आणि नावापुढचं ‘डॉ.’

मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी नाशिकला राहते, वय 37. समुपदेशन मानसशास्त्र घेऊन एम.ए. केलं, 58 टक्के पडले. गेली नऊ वर्षं एका संस्थेतर्फे पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतल्या चार आश्रमशाळांमध्ये समुपदेशक म्हणून जाते. काम आवडतं. पण दोन वर्षांपासून पीएच.डी.चं डोक्यात घोळतंय. मागच्या पावसाळ्यात एका मुलीला दवाखान्यात न्यायला हवं असं मी मुख्याध्यापकांना म्हटलं, तर सगळ्यांसमोर ते म्हणाले, ‘तुम्ही काय डॉक्टर आहात का?’ ते अजून विसरता येत नाही.

मिस्टर म्हणतात, या वयात कशाला, पगार किती वाढणार? सासूबाई बोलत नाहीत, पण नातू दहावीला असताना सून अभ्यासाला बसलेली त्यांना खटकणार. अमेरिकेतली मावसबहीण म्हणते, तिकडे समुपदेशनाची वेगळी पीएच.डी. असते, तशी बघ. एका कंपनीचा फोन आला होता: परदेशी विद्यापीठाची डॉक्टरेट, घरबसल्या, दीड वर्षात, हप्त्यांची सोय. ओळखीच्या एका प्राध्यापकांना भेटले तर त्यांनी तिथल्या तिथे विषय दिला, ‘आदिवासी व बिगर-आदिवासी विद्यार्थ्यांच्या आत्मसन्मान व समायोजनाचा तुलनात्मक अभ्यास’.

मला स्वतःला विषय सुचत नाही. रोजच्या कामात वेगळं काही नसतंच. सोमवारी गेलं की वसतिगृहाच्या अधीक्षिकाबाई सांगतात, काल पुन्हा चार-पाच मुलींच्या पोटात दुखत होतं. रविवारी पालक भेटून गेले की हे होतं. मी वहीत लिहून ठेवते, तीन वर्षांच्या वह्या झाल्यात. असं सगळं किरकोळ. पीएच.डी. करावी का? करायची तर सुरुवात कुठून करू?

— एक समुपदेशक, नाशिक

*

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा त्या ‘किरकोळ’ शब्दापाशी थांबले. विषय सुचत नाही असं तुम्ही लिहिलंत आणि पुढच्याच ओळींत विषय लिहून टाकलात. तीन वर्षं, चार शाळा, दर सोमवारी केलेली नोंद. पीएच.डी.ला बसलेली किती तरी मुलं मी पाहिली आहेत, ज्यांच्याकडे विद्यापीठाचं पत्र होतं, मार्गदर्शक होते, ग्रंथालय होतं, पण स्वतःचा एक प्रश्न नव्हता. तुमच्याकडे बाकी काहीच नाही आणि प्रश्न आहे. म्हणून आधी त्या वहीबद्दल बोलू, मग नावापुढच्या ‘डॉ.’बद्दल.

मुलांची वारंवार होणारी, तपासणीत काही न सापडणारी पोटदुखी हा बालरोगशास्त्रातला जुना विषय आहे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला जॉन अ‍ॅप्ली या बालरोगतज्ज्ञांनी 1958 मध्ये एका सहकाऱ्यासोबत 1000 शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन महिन्यांत किमान तीनदा, रोजचं काम अडेल इतकं पोट दुखलेली मुलं त्यांनी मोजली, तर ती साधारण दहांत एक निघाली. मुलांच्या मानसिक आरोग्याची चाचपणी करायला जगभर वापरतात ती रॉबर्ट गुडमन यांची 25 विधानांची प्रश्नावली तुम्ही एम.ए.ला पाहिली असेल. तिच्यातही डोकेदुखी-पोटदुखीच्या तक्रारींचं एक विधान आहे. म्हणजे तुमच्या अधीक्षिकाबाई सांगतात ती गोष्ट कुणी पाहिलीच नाही असं नाही.

पण ब्रिस्टलची मुलं संध्याकाळी घरी जात होती. तुमच्या मुली सहाव्या-सातव्या वर्षापासून वसतिगृहात राहतात, घरात कोकणा ही आदिवासी बोली बोलतात आणि शाळेत प्रमाण मराठीत शिकतात. आई भेटायला येते ती बाजाराच्या पिशवीत खाऊ घेऊन, आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून चारला निघते. त्या चारच्या गाडीनंतर पोटात जे होतं त्याला त्या मुली कोणत्या भाषेत काय म्हणतात? अधीक्षिकेला एक सांगतात आणि मैत्रिणीला दुसरं सांगतात का? ज्यांचे पालक येतच नाहीत त्यांचंही दुखतं का? पहिलीतल्या मुलीचं आणि आठवीतल्या मुलीचं दुखणं एकच आहे का? प्रश्नावली ‘दुखतं की नाही’ एवढंच विचारते. कधी, कुणापाशी, कोणत्या शब्दांत, हे तुमच्या वहीत आहे, किंवा थोडं लक्ष दिलंत तर येईल. नऊ वर्षं त्या शाळांच्या पायऱ्यांवर बसलेल्या बाईलाच हे कळू शकतं.

एक मात्र आधी सांगते, कारण ते संशोधनापेक्षा महत्त्वाचं आहे. पोटदुखी मनाची आहे हे ठरवण्याआधी ती शरीराची नाही हे डॉक्टरांकडून नक्की करून घ्या. जंत, पाण्यातून होणारे संसर्ग, बद्धकोष्ठ, मोठ्या मुलींची पाळी. आणि सिकल सेल, म्हणजे रक्ताचा एक आनुवंशिक आजार. आदिवासी भागात हा आजार जास्त आढळतो आणि त्याच्या वेदनेचे झटके पोटातही येतात. 2023च्या जुलैत केंद्र सरकारनं सिकल सेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, तिच्यात तपासणीवर भर आहे. तुमच्या शाळांतल्या मुलींची ती तपासणी झाली आहे का, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारा. त्याही पलीकडे एक शक्यता असते, जिचं नाव घ्यायला आपण कचरतो: लैंगिक अत्याचार. त्याच मुलीचं, त्याच वारी, त्याच माणसाच्या येण्यानंतर दुखत असेल, तर तिथे संशोधक मागे राहतो आणि कायदा पुढे येतो. 2012च्या पॉक्सो कायद्यानं अशी माहिती पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक केलं आहे.

आता मुख्याध्यापक. ‘तुम्ही काय डॉक्टर आहात का’ हा प्रश्न मला माझ्या उमेदीच्या काळात निदान चार वेळा विचारला गेला आहे, तेव्हा तो कुठे बोचतो हे मला ठाऊक आहे. पण त्या बोचण्याचं उत्तर पीएच.डी. नाही. ती मिळाल्यावरही ते गृहस्थ हेच म्हणतील, आणि अक्षरशः पाहिलं तर बरोबरच म्हणतील, कारण मानसशास्त्रातली पीएच.डी. म्हणजे वैद्यकीय पदवी नव्हे. उलट पाटीवर नुसतं ‘डॉ.’ वाचून पाड्यावरची आई तुमच्याकडे गोळी मागेल, आणि तिचा हा समज होऊ न देणं ही जबाबदारी तुमची असेल. त्या दिवशी तुमच्या हातात पदवी हवी होती असं मला वाटत नाही. या मुलीनं दोन महिन्यांत नऊ वेळा तक्रार केली आहे, या या तारखांना, असा एक कागद हवा होता, आणि आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची आधीपासूनची ओळख. हे दोन्ही तुम्ही येत्या महिन्यात मिळवू शकता.

अपमानातून सुरू केलेली पीएच.डी. दुसऱ्या वर्षी थकते. हे मी पाहिलंय. राग पहिले सहा महिने टेबलाशी बसवतो, त्यानंतर बसवतो तो प्रश्न.

पदवी काय देते आणि काय देत नाही, हेही मोकळेपणानं बोलू, कारण याबाबत आपल्याकडे फार गोंधळ आहे. भारतात पीएच.डी. ही संशोधनाची पदवी आहे, उपचाराचा परवाना नव्हे. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते, आणि ती परिषदेनं मान्य केलेल्या प्रत्यक्ष रुग्णांसोबतच्या प्रशिक्षणातून मिळते. आतापर्यंत तो मार्ग मुख्यतः दोन वर्षांच्या एम.फिल.चा होता. एम.फिल. बंद होत असल्यानं आता परिषदेच्या नव्या अभ्यासक्रमांकडे पाहावं लागतं. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मनोविकारतज्ज्ञ आहेत, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, मनोविकार परिचारिका आणि मनोविकार सामाजिक कार्यकर्ते आहेत. तुमच्या-माझ्यासारखा समुपदेशक त्या व्याख्यांत नाही. 2021च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यानं मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकांना यादीत जागा दिली आहे. तिकडे लक्ष ठेवा, पण त्यासाठी पीएच.डी. करण्याची गरज नाही.

तुमच्या मावसबहिणीचं खरं आहे. अमेरिकेत समुपदेशनाची वेगळी डॉक्टरेट असते, पण तिचं नाव पाहा: ‘काउन्सेलर एज्युकेशन अँड सुपरव्हिजन’. म्हणजे समुपदेशकांना शिकवणाऱ्यांची आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्यांची पदवी. समुपदेशनाचा परवाना तिथेही पदव्युत्तर पदवी, देखरेखीखाली केलेले ठरावीक तास आणि परीक्षा यांवर मिळतो. आपल्याकडे अशी वेगळी पदवी रुळलेली नाही. इथे तुमची पीएच.डी. ‘मानसशास्त्र’ विषयातली होईल, समुपदेशन हा तिचा आशय असेल.

तेव्हा स्वतःला एक प्रश्न विचारा. मुलींसोबतचं काम अधिक चांगलं व्हावं ही ओढ आहे की मुलींबद्दल काही शोधून काढावं ही? पहिली असेल तर तुम्हाला अनुभवी पर्यवेक्षक हवा, खेळातून उपचार किंवा कुटुंबासोबतचं काम यांचं रीतसर प्रशिक्षण हवं. ते दीड-दोन वर्षांत होतं आणि तुमच्या हातात लगेच उतरतं. पीएच.डी.चे मार्गदर्शक हे काम करत नाहीत. ते तुमचा प्रबंध तपासतात, तुमचं समुपदेशन नाही. दुसरी ओढ असेल तर पुढे वाचा. पत्रावरून मला दोन्ही दिसतात.

त्या प्राध्यापकांनी दिलेल्या विषयाबद्दल. कृपा करून तो घेऊ नका. मी अगदी तसाच विषय घेतला होता. माझ्या मनात घटस्फोटित आयांच्या मुलांबद्दल काही वेगळंच होतं, पण मार्गदर्शक म्हणाले, ‘हे मोजता येणार नाही, दोन गट घ्या, तीन चाचण्या द्या, टी-टेस्ट लावा, मोकळ्या व्हा.’ मी 400 प्रश्नावल्या भरून घेतल्या. सात वर्षं लागली. निष्कर्ष चुकीचे नव्हते, तोंडी परीक्षेत कौतुकही झालं. पण त्या प्रबंधामुळे एकाही शाळेतल्या समुपदेशकाला सोमवारी सकाळी काही वेगळं करता आलं नाही, आणि हे मला आजही लागतं. तुम्हाला मिळालेल्या विषयात तर आणखी एक दुखणं आहे. शहरी मुलांवर बेतलेली आत्मसन्मानाची चाचणी सुरगाण्याच्या मुलीपुढे ठेवायची, तिला त्यातले शब्द नीट कळत नाहीत म्हणून कमी गुण पडतात, आणि आपण लिहितो की आदिवासी विद्यार्थ्यांचा आत्मसन्मान कमी आढळला. अशा वाक्यांनी ग्रंथालयांची कपाटं भरली आहेत. तुम्ही त्या मुलींना ओळखता. तुमच्या हातून हे होऊ देऊ नका.

समुपदेशनातलं संशोधन किती उपयोगी असू शकतं हे पाहायचं तर आपल्या शेजारी गोव्यात पाहा. ‘संगत’ ही संस्था तिथे 1996 पासून आहे. तिथले मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधा प्रश्न घेतला: मानसोपचारतज्ज्ञ मूठभर आहेत, मग गावातल्याच, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या माणसांना शिकवून नैराश्यावर मदत करता येईल का? त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत सहा ते आठ भेटींची एक पद्धत बसवली, एका गटाला ती दिली, दुसऱ्याला नेहमीचे उपचार, आणि फरक मोजला. फरक पडला. दारूच्या व्यसनासाठीही तशीच पद्धत तपासली. दोन्ही अभ्यास 2017च्या सुरुवातीला ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एकत्र छापून आले. तुमच्या आणखी जवळचं उदाहरण म्हणजे ‘आत्मीयता’. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या मानसिक आरोग्य केंद्रानं गावातल्याच स्वयंसेवकांना घेऊन हा प्रकल्प नाशिक जिल्ह्यात, पेठ तालुक्यात उभा केला आणि नंतर गुजरातेत मेहसाण्याला नेला. तुम्ही ज्या रस्त्यानं दर आठवड्याला जाता त्याच रस्त्यावरचं हे काम आहे. त्याचे अहवाल वाचा. हे मोठ्या संस्थांचे मोठे प्रकल्प आहेत, तुम्ही एकट्या तेवढं करणार नाही, पण प्रश्न असा विचारायचा असतो हे त्यातून कळेल.

आणि काळही योग्य आहे. 2025च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयानं, 100 किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा असे निर्देश दिले. समुपदेशक नेमले जातीलही. पण निवासी आदिवासी शाळेत त्यानं सोमवारी सकाळी काय करायचं, हे मराठीत कुठे लिहिलंय? तुमच्या प्रबंधातून त्याचं एक प्रकरण निघालं तरी मी धन्य मानीन.

आता कागदपत्रांचं. पीएच.डी.साठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे 2022चे नियम लागू आहेत. पदव्युत्तर परीक्षेत 55 टक्के लागतात (आरक्षित प्रवर्गांना 5 टक्क्यांची सूट), तेव्हा तुमचे 58 पुरेसे आहेत. किमान मुदत तीन वर्षं, कमाल सहा, दोन वर्षांची वाढ मिळू शकते, आणि महिलांना त्यावर आणखी दोन. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजेची तरतूदही आहे. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करता येते. त्यासाठी संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं, आणि त्यात कोर्सवर्कच्या, म्हणजे सुरुवातीच्या सक्तीच्या वर्गांच्या काळात तुम्हाला कामातून मोकळीक देऊ असं संस्थेनं लिहून द्यावं लागतं. हे पत्र तोंडी ‘हो हो, करा ना’वर सोडू नका. नोंदणीनंतर संचालक बदलतात.

प्रवेशाच्या दोन वाटा आहेत. एक विद्यापीठाची पेट ही प्रवेशपरीक्षा, तिच्यात निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीचे आणि निम्मे विषयाचे. दुसरी यूजीसीची देशपातळीवरची नेट परीक्षा. 2024 पासून नेटमधून तीन प्रकारे निवड होते, आणि त्यांत फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरण्याचाही प्रकार आहे. त्यात नेटच्या गुणांना 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के वजन असतं, आणि ते गुण एकच वर्ष चालतात. दरमहा 37,000 रुपयांची जेआरएफ ही संशोधनवृत्ती मात्र तुमच्या हातून निसटली आहे. तिची वयोमर्यादा 30, महिलांना पाच वर्षांची सवलत धरूनही 35. मला हे लिहिताना वाईट वाटतं, कारण बायकांची पहिली दहा वर्षं कुठे जातात हे नियम करणाऱ्यांना माहीत असायला हवं. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या संशोधन अधिछात्रवृत्ती आहेत. तुमच्या प्रवर्गानुसार त्यांच्या जाहिराती पाहा आणि पूर्णवेळ असण्याची अट नीट वाचा.

मिस्टरांच्या प्रश्नाला खरं उत्तर द्या: पगार बहुधा वाढणार नाही. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचं असेल तर 2023 पासून नेट किंवा राज्याची तशीच परीक्षा सेट पुरते, पीएच.डी. सक्तीची नाही. आणि पीएच.डी. झालेली कितीतरी माणसं आज राज्यात तासिका तत्त्वावर शिकवत आहेत. पैशाच्या आशेनं हे करायचं असेल तर मीच तुम्हाला थांबवीन. पण ‘पगार वाढणार नाही’ म्हणजे ‘करू नये’ असं नाही. तुम्ही नऊ वर्षं त्या घाटातून प्रवास केलात तोही पगारासाठी एवढाच नसणार. त्यांना एकदा सोबत न्या. रविवारी. चारच्या गाडीच्या वेळेला.

फोनवरच्या त्या डॉक्टरेटचं नाव पुन्हा काढू नका. परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून कंपन्या देतात त्या ऑनलाइन पीएच.डी. मान्य नाहीत, असं यूजीसी आणि तंत्रशिक्षणाची परिषद एआयसीटीई यांनी ऑक्टोबर 2022 मध्ये जाहीर केलं आहे. दूरस्थ पद्धतीनंही पीएच.डी. करता येत नाही. ‘प्रबंध लिहून देतो’ म्हणणारे भेटतील, तेही याच जातीचे.

मार्गदर्शक निवडताना मोठं नाव पाहू नका. त्यांच्याकडे पीएच.डी. करून बाहेर पडलेल्या दोघींना भेटा आणि विचारा: मेलला उत्तर किती दिवसांत यायचं? मसुदा परत येताना त्यावर काही लिहिलेलं असायचं का? मुलाखती, निरीक्षणं अशा गुणात्मक पद्धतीचं काम त्यांनी करून घेतलंय का? तुमच्या प्रश्नाला आधी शब्द ऐकावे लागतील आणि मग आकडे मोजावे लागतील, तेव्हा दोन्हींचा आदर असलेलं माणूस हवं. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत, तेव्हा त्यांचं वय विचारायला लाजू नका.

वह्यांकडे परत येते, कारण इथे चूक झाली तर ती मुलींना भोगावी लागेल. त्या वह्या तुम्ही समुपदेशक म्हणून लिहिल्या आहेत. मुलींनी तुम्हाला बाई म्हणून सांगितलं, संशोधक म्हणून नाही. म्हणून त्यांतली एकही नोंद थेट प्रबंधात जाणार नाही. त्या प्रश्न सापडायला वापरा. माहिती नव्यानं गोळा होईल, तीही विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मान्यता, आदिवासी विकास विभागाची लेखी परवानगी, पालकांची संमती आणि मुलींचा स्वतःचा होकार मिळाल्यावर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची 2017ची मार्गदर्शक तत्त्वं सात वर्षांपुढच्या मुलांचा होकार वेगळा मागायला सांगतात. बाई विचारतायत म्हणून मुलगी नाही कशी म्हणेल, हा पेच तुमच्या पुढ्यात असणार. मला वाटतं, तुम्ही समुपदेशक आहात त्या चार शाळा सोडून दुसऱ्या शाळांत अभ्यास करावा, किंवा मुलाखती दुसऱ्या कुणी घ्याव्यात. संमतिपत्रात ‘सगळं गुप्त राहील’ असं सरसकट वचन देऊ नका. पॉक्सोमुळे ते पाळता येणार नाही, आणि मोडलेलं वचन त्या मुली विसरत नाहीत. वह्या आजपासून कुलपात ठेवा. नावं लिहिली असतील तर त्यांच्या जागी खुणा घाला, आणि खुणांची यादी वेगळ्या जागी.

घरचं थोडं बोलते. आठवड्याला बारा-पंधरा तास लागतील, चार-पाच वर्षं. ते तास आकाशातून पडत नाहीत, कुणाच्या तरी पोळ्यांतून आणि कुणाच्या तरी झोपेतून येतात. कुणाच्या, हे आधी बोलून घ्या. सासूबाई काही बोलत नाहीत असं लिहिलंत. त्यांना विचारा. माझ्या सासूबाईही गप्प असायच्या, मी वर्षभर ती नाराजी समजले. एक दिवस त्याच म्हणाल्या, ‘तू दार लावून बस, मी बघते.’ प्रत्येक घरी असं होईल असं नाही, पण विचारल्याशिवाय कळणार नाही. आणि मुलाच्या दहावीच्या वर्षी नोंदणी करू नका. ते वर्ष वाचण्यात घालवा.

तेव्हा माझं उत्तर: करा, पण यंदा नको. यंदा मुलींच्या तपासण्या पूर्ण करून घ्या, पेट-नेटची तयारी करा, तीन मार्गदर्शकांना भेटा. आणि येत्या सोमवारपासून नोंदीत एक रकाना वाढवा. मुलगी काय म्हणाली ते तिच्या शब्दांत, कोकणा असेल तर कोकणात, तुमच्या मराठीत न आणता. अधीक्षिकाबाईंनाही तसंच सांगायला सांगा. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत त्या रकान्यात काय जमतं ते पाहा. त्यावरून दोन पानी टिपण लिहा, कुणाचंही नाव न घालता, आणि मला पाठवा. मी लाल पेन घेऊन बसते.